आर्लिसच्या खांद्याला सोसतील अशी काडतुसं

वेंडेल क्रॉगस्टॅडने कोल्टर फ्लॅटच्या धान्यकोठारावर एकतीस वर्षं गव्हाचे ट्रक तोलले. ट्रक काट्यावर चढला की तो खिडकीतून आधी ड्रायव्हरकडे बघायचा, मग शेजारच्या सीटवरच्या कुत्र्याकडे, आणि म्हणायचा, "त्याला खाली उतरव." कुत्र्याचं वजन गव्हात धरलेलं त्याला खपत नसे. एवढ्या वर्षांत त्याच्या वजनावर एकाही शेतकऱ्याने बोट ठेवलं नाही. मागे रांगेत उभं राहून दातओठ मात्र सगळ्यांनीच खाल्ले.

असा माणूस निवृत्त झाला की वस्तू घ्यायला लागतो. म्हणजे प्रत्यक्ष घेत नाही, घ्यायला लागतो. टोस्टर घ्यायला वेंडेलला सात महिने लागले. तेवढे दिवस त्याच्या बायकोने, आर्लिसने, पाव तव्यावर भाजला. शेवटी टोस्टर आला तेव्हा तव्यावरच्या पावाची दोघांनाही इतकी सवय झाली होती की टोस्टर अजून फडताळात आहे. चांगला आहे, असं वेंडेल म्हणतो.

आर्लिस त्याच्या अगदी उलट. चाळीस वर्षं तिने शाळेचं स्वयंपाकघर चालवलं. दीडशे पोरांना साडेअकराला जेवायला घालायचं तर विचार करत बसून भागत नाही. आणि वर्षातले दहा दिवस ती स्वयंपाकघराकडे पाठ फिरवून, भावाबरोबर डोंगरात एल्कच्या शिकारीला जात असे. एल्क म्हणजे घोड्याएवढं थोराड हरीण. एक मिळालं की वर्षभराच्या मटणाची चिंता नसते. सोळाव्या वर्षी वडिलांनी तिला बंदूक दिली होती, थर्टी-ओ-सिक्स. नावातले आकडे सोडून द्या. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की ती उडवली की घोड्याने मागच्या पायाने ढकलल्यासारखा धक्का खांद्यावर बसतो.

त्या फेब्रुवारीत टपालपेटीकडे जाताना आर्लिस बर्फावर घसरली आणि नेमकी त्याच खांद्यावर पडली. मिझूला शहरात शस्त्रक्रिया झाली. सर्जनबाईंनी व्यायामाची लांबलचक यादी दिली. आर्लिसने ती न वाचताच घडी करून पर्समध्ये टाकली आणि एकच विचारलं, "ऑक्टोबरात बंदूक उडवता येईल का?"

"उचलता येईल," सर्जनबाई म्हणाल्या. "पण तो दणका नको. अगदीच हलका असेल तर बघू."

हलक्या धक्क्याची काडतुसं बाजारात मिळतात. निदान तसं म्हणतात. ड्वेन प्रूइटच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात त्यांच्यासाठी एक कप्पा होता, त्यावर किमतीची चिठ्ठीही होती, आणि चिठ्ठीच्या मागे दोन वर्षं नुसती धूळ.

आता इथे त्यांच्या शिकारीच्या मुक्कामाचा नियम सांगायला हवा. तो आर्लिसच्या वडिलांनी घालून दिला होता. मोसम उघडायच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत जमायचं. शंभर यार्डांवर कागदाची जेवणाची ताटली टांगायची. आपल्या बंदुकीने, जी काडतुसं डोंगरात नेणार त्यांनीच, तीन गोळ्या मारायच्या. तिन्ही ताटलीत बसल्या तर शिकारीला यायचं. एक जरी चुकली तरी मुक्कामाला यायचं, पण तंबूत बसून सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. त्याला ते ताटलीचा रविवार म्हणत. वडील गेले, पण त्या ताटलीपुढे कुणाचं काही चालत नसे. आर्लिसला एकदाच स्वयंपाक करावा लागला होता, मुलगी पोटात असताना. दहा दिवस ती बटाटे सोलत होती आणि बाहेर तिचा भाऊ रॉइस खोट्या एल्कच्या खोट्या गोष्टी सांगत होता. ते ती विसरली नव्हती.

मार्चमधल्या एका रविवारी रॉइस जेवायला आला. गळ्यात बांधलेला आर्लिसचा हात बघून त्याला वाईट वाटलं, आणि रॉइसला वाईट वाटलं की तो चेष्टा करतो.

"ताई, तू काही वाईट वाटून घेऊ नकोस. यंदा स्वयंपाकाला कोण ही चिंताच मिटली. गेल्या वर्षी मी केलेली बिस्किटं माझ्या कुत्र्याने पुरली होती."

आर्लिस हसली नाही. वेंडेलने चमचा खाली ठेवला.

"मी करीन," तो म्हणाला.

"काय, स्वयंपाक?"

"काडतुसं. घरी. गोळी हलकी घ्यायची, दारू पुस्तकात सांगितली असेल तशी कमी भरायची. धक्का जवळजवळ निम्मा होतो. मी वाचलंय."

आर्लिसने नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माया होती आणि टोस्टरही होता.

"वेंडेल," ती म्हणाली, "कुठल्या साली?"

*

घरी काडतूस भरण्यात तसं अवघड काही नाही. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जरा फुगलेली असते. ती प्रेसमध्ये धरायची आणि डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायची. बुडाची जळकी टिकली काढून नवी बसवायची. दारू तोलून ओतायची. तोंडाशी गोळी बसवायची. झालं. रिकाम्या पुंगळ्या आर्लिसकडे कॉफीचा डबा भरून होत्या. घोडं अडलं होतं ते प्रेसपाशी, आणि डायपाशी, आणि तराजूपाशी.

वेंडेलने नवी वही आणली. एप्रिल संपेपर्यंत तिच्यात चौदा रकाने झाले. दांड्याची लांबी. ओतीव लोखंड की अॅल्युमिनियम. सुटे भाग मिळायला किती दिवस. डावखुऱ्याला चालेल का, हाही एक रकाना होता, आणि त्या घरात डावखुरं कुणीच नव्हतं.

"पुढेमागे कुणी आलं तर?" तो म्हणाला.

त्यातून त्याने कॅफेत सल्ला विचारण्याची चूक केली. कोल्टर फ्लॅटमध्ये राजकारणावर भांडणं होत नाहीत, कारण प्रेसवरून भांडून झाल्यावर कुणात त्राण उरत नाही. प्रत्येक कंपनीच्या प्रेसचा रंग वेगळा, त्यामुळे हिरव्या रंगाची प्रेस वापरणारे, लाल रंगाची वापरणारे आणि निळ्या रंगाची वापरणारे असे तीन पक्ष आहेत. लालवाल्याच्या मुलीने हिरव्यावाल्याच्या मुलाशी लग्न केलं तेव्हा दोन्ही व्याही जेवणाच्या वेळी हवामानावरच बोलले. वेंडेल सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, लिहून घ्यायचा आणि थँक्यू म्हणायचा. त्यामुळे तिन्ही पक्षांना तो आपलाच वाटू लागला.

रॉइस निळ्या पक्षाचा. त्याने मेव्हण्याला आपल्या गॅरेजमध्ये नेलं आणि अभिमानाने चादर बाजूला केली. आत गोल फिरणारं मोठं यंत्र होतं. एक दांडा ओढला की पाच कामं एकदम.

"तासाला पाचशे," रॉइस म्हणाला. "पाचशे, वेंडेल! फक्त दांडा ओढायचा."

वेंडेलने वही काढली. "आर्लिस वर्षाला किती उडवते? नेम जुळवायच्या धरून?"

"असतील दहाबारा."

"बारा धरू." त्याने भागाकार केला. "एका तासात एक्केचाळीस वर्षांची सोय. ती आता त्रेसष्टची आहे. म्हणजे एकशे चौथ्या वर्षी मला आणखी एक तास काढावा लागेल."

रॉइसने यंत्रावर परत चादर घातली.

ड्वेन प्रूइट दुकानात नवशिक्यांसाठी सगळं सामान एकत्र असलेलं खोकं विकत असे. प्रेस, तराजू, पुस्तक, नरसाळं, सगळं त्यात. वेंडेलने ते जूनमध्ये उघडून बघितलं. जुलैमध्ये पुन्हा बघितलं. ऑगस्टमध्ये ड्वेनने खोक्याशेजारी एक खुर्चीच आणून ठेवली.

"बस बाबा. उभं राहून तुझे गुडघे जायचे."

"यातलं नरसाळं बरोबर नाही, ड्वेन."

"नरसाळं?"

"तोंड जरा मोठं आहे. एक दाणा कडेला अडकू शकतो."

"मग तराजू?"

"तराजू चांगला आहे," वेंडेल नाइलाजाने म्हणाला. "पण दुसऱ्या खोक्यातला तराजूही चांगला आहे."

ड्वेनच्या काउंटरमागे भिंतीवर एक जुनी फळी होती, आणि तिच्यावर तापल्या सळीने कोरलेली चौतीस नावं. ज्या ज्या गावकऱ्याने नवशिकेपणी डायमध्ये पुंगळी अडकवून ठेवली त्याचं नाव तिथे जायचं. रॉइसचं नाव दोनदा होतं. वेंडेल त्या फळीकडे बघून दरवेळी मान हलवायचा. माणसं वाचत नाहीत, असं त्याचं मत होतं.

घरी आर्लिस त्याला टोचायची संधी सोडत नसे. संध्याकाळी तो वही उघडून बसला की ती विणकामातून मान वर न करता विचारायची, "आज कोण पुढे?"

"हिरवी. अर्ध्या गुणाने."

"काल लाल होती ना?"

"काल मी बिजागरी धरली नव्हती."

"वेंडेल, माझ्याशी लग्न करायच्या आधी तू चार वर्षं विचार करत होतास. तेव्हा किती रकाने होते रे?"

वेंडेल खोटं बोलत नसे. त्याने जरा आठवून पाहिलं. "दोन," तो म्हणाला.

"आणि दुसऱ्या रकान्यात कोण होतं?"

"कुणी नाही. एकटं राहणं."

आर्लिसने विणकाम खाली ठेवलं आणि त्याला तव्यावर एक पाव भाजून आणला.

*

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र तिचं टोचणं थांबलं. वेंडेलच्या ते चार दिवस लक्षातच आलं नाही. मग एका सकाळी तो दूध काढायला गेला आणि फ्रिजच्या दारावर त्याला चुंबकाखाली एक कागद दिसला. आर्लिसच्या अक्षरात यादी होती. बटाटे, कांदे, पंचवीस पौंड पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, कॉफी. वर लिहिलं होतं: मुक्काम, सात माणसं, दहा दिवस.

ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. आता डावा आणि उजवा दोन्ही हात वर जात होते. वेंडेलने यादी पुन्हा वरपासून वाचली. तिने त्याला एका शब्दाने दोष दिला नव्हता. चेष्टा केली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. यादीला काय उत्तर देणार?

दूध न काढताच त्याने टोपी घातली आणि तो आयव्हा लुंडक्विस्ट यांच्याकडे गेला.

लुंडक्विस्टबाई एक्क्याऐंशीच्या. नेमबाजीची बक्षिसं त्यांच्या घरी दारं उघडी ठेवायला वापरली जातात. पन्नास वर्षं त्या स्वतःची काडतुसं स्वतः भरत होत्या, पण कॅफेत कधी यायच्या नाहीत, म्हणून त्यांचा सल्ला कुणी घेत नसे. त्यांच्या शेडमधल्या प्रेसचा रंग कधीच उडून गेला होता. ती मुळात हिरवी होती, लाल होती की निळी, हे आता देवालाच ठाऊक.

वेंडेलने वही उघडली. बाईंनी ती मिटवली.

"किती पाहिजेत?"

"वीस."

"वीस काडतुसांसाठी सात महिने? वेंडेल, तू निवडत नाहीयेस, तू टाळतोयस. कशाला घाबरतोस ते सांग."

वेंडेलने टोपी हातात फिरवली. हा रकाना त्याच्या वहीत नव्हता.

"मी एकतीस वर्षं ट्रक तोलले, बाई. वीस पौंडांचा फरक पडला तर कुणाचं काही जात नाही. इथे दारू तोलायची ती ग्रेनमध्ये. एका पौंडाचे सात हजार ग्रेन. माझा हात हलला, माझा आकडा चुकला, आणि दारू जास्त पडली तर..." तो थांबला. "बंदूक तिच्या गालाला टेकलेली असते."

लुंडक्विस्टबाईंनी त्याच्यासाठी कॉफी ओतली.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "जे घाबरत नाहीत त्यांना मी या शेडमध्ये येऊ देत नाही. तुझा तो मेव्हणा रॉइस दाराबाहेर उभा राहून बोलतो. आता ऐक. एका वेळी एकच काम करणारी साधी प्रेस घे. कुठल्याही रंगाची. लोखंड ते लोखंड. डाय तिच्या बंदुकीच्या मापाची. जीव लावायचा तो तराजूला, आणि तराजू तपासायची छोटी वजनं घ्यायला विसरू नकोस. पुस्तक यंदाचं, नवीन. हलक्या काडतुसासाठी त्यात जी दारू सांगितली आहे तीच, आणि तेवढीच. जास्त नाही आणि शहाणपणा करून कमीही नाही. पाकिटाच्या पाठीवर कुणी आकडा लिहून दिला तर चुलीत घाल. माझ्या हातचा असला तरी."

"आणि त्या डब्यात काय आहे?" वेंडेलने फडताळावरच्या चिठ्ठी नसलेल्या डब्याकडे बोट दाखवलं.

"पूर्वी दारू होती. चिठ्ठी निघाली, मग मी ती गुलाबांना खत म्हणून घातली. नाव नसलेली दारू ओळखीची वाटली तरी वापरायची नसते. आता त्यात बटणं आहेत."

वेंडेल तिथून थेट दुकानात गेला. खुर्चीवर बसला नाही.

"ते खोकं दे, ड्वेन. तपासायची वजनं वेगळी दे. तिच्या मापाची डाय दे."

ड्वेनने चष्मा काढला. "कुठलं खोकं? दोन आहेत."

"पुढे आहे ते."

"वेंडेल," ड्वेन काळजीने म्हणाला, "बरं वाटतंय ना तुला? आर्लिसला फोन करू?"

*

सामान घरी आलं म्हणजे काम झालं असं समजायचं कारण नाही. वेंडेलने गॅरेजमधलं टेबल पाणसळ लावून समतल केलं. त्याला तीन दिवस लागले, कारण समतल नव्हती ती गॅरेजची जमीन. मग तराजू मांडला. रोज सकाळी आणि दुपारी छोटी वजनं ठेवून काटा कुठे थांबतो ते तो वहीत लिहायचा. दहा दिवस काटा एकाच जागी थांबला तेव्हा त्याने त्याच्यावर विश्वास टाकला. पण तोपर्यंत ताटलीच्या रविवारच्या आदला शनिवार उजाडला होता, आणि एकही काडतूस झालं नव्हतं. फ्रिजवरची यादी तशीच होती. आर्लिस ती काढत नव्हती आणि त्याबद्दल बोलतही नव्हती.

सकाळी दहाला वेंडेलने पहिली पुंगळी प्रेसमध्ये ठेवली आणि दांडा खाली ओढला. पुंगळी डायमध्ये छान गेली. मग तो दांडा वर करायला गेला. दांडा वर गेला नाही. त्याने जोर लावला. टचकन आवाज आला, पुंगळीच्या बुडाची कड तुटली, आणि पुंगळी आतच राहिली, बाटलीत गेलेल्या बुचासारखी.

वेंडेल स्टुलावर बसला.

पुंगळी डायमध्ये घालण्याआधी तिला बाहेरून वंगणाचा हात फिरवायचा असतो. हे त्याला माहीत होतं. त्याबद्दल त्याच्या वहीत चार पानं होती. फवारा बरा, मेण बरं की तेलाची गादी बरी, याचा काथ्याकूट करून खाली त्यानेच लिहिलं होतं, निर्णय बाकी. निर्णय बाकी म्हणून वस्तू घेतली नाही, आणि वस्तू समोर नाही म्हणून आठवणही राहिली नाही.

नेमका त्याच वेळी रॉइस आला. उद्यासाठी ताटल्या आहेत का विचारायला आला होता, असं तो म्हणाला. त्याने प्रेसकडे बघितलं, वाकून डायमध्ये बघितलं, आणि मग भिंतीचा आधार घेऊन इतका हसला की त्याची टोपी पडली.

"पस्तिसावा! ड्वेनची सळी तापवायला सांगतो थांब!"

"रॉइस," आर्लिस दारातून म्हणाली, "हसून झालं की घरी जा."

"ताई, अगं सगळ्यांचं होतं हे. पण वेंडेलचं! चार पानं लिहून!" मग तिचा चेहरा बघून तो जरा वरमला. "मोकळी होते ती. पण डाय कारखान्याकडे पाठवावी लागते. पंधरा दिवस."

पंधरा दिवस ऐकलं आणि आर्लिस आत वळली. वेंडेलला तिची पाठ दिसली, आणि तो उभा राहिला.

आता वेंडेलची एक गोष्ट गावात फारशी कुणाला ठाऊक नव्हती. धान्यकोठारावर पट्टा तुटला, मोटर बसली, हंगामात ट्रकांची रांग लागली, की हाच माणूस दहा मिनिटांत काम उरकायचा. निवडायला दोन वस्तू असल्या की तो बसायचा. मार्ग एकच उरला की तो वीज होता.

"रॉइस, ड्रिल दे. पाव इंचाचा बोल्ट आण, त्या डब्यात आहे. आटे पाडायचा टॅप खालच्या खणात. आर्लिस, लुंडक्विस्टबाईंना फोन लाव, वंगणाला घरात काय चालेल विचार."

त्याने डाय प्रेसमधून सोडवून पकडीत आवळली, वरून टिकली ढकलणारी आतली सळी काढून घेतली, पुंगळीच्या बुडाला नीट मधोमध भोक पाडलं, त्यात आटे पाडले. वर एक जाड नळीचा तुकडा ठेवला, त्यातून बोल्ट घातला आणि पान्याने फिरवायला लागला. पान्याच्या प्रत्येक फेऱ्याला पितळ किंचाळत होतं. रॉइस चेष्टा विसरून दिवा धरून उभा होता. सातव्या फेऱ्याला पुंगळी टपकन बाहेर आली. डायच्या आत एक ओरखडाही नव्हता. वेंडेलने भिंगातून दोनदा बघितलं.

"कुठे शिकलास हे?" रॉइसने विचारलं.

"वाचलं होतं," वेंडेल म्हणाला.

फोन ठेवून आर्लिस आली. "बाई विचारतायत, लॅनोलिन आहे का घरात. मेंढीच्या लोकरीचं मेण. म्हणाल्या, ते अगदी थोडं, बोटाच्या टोकावर, आणि मानेला लावू नका. पुंगळीच्या मानेला."

"आहे का?"

"जखमेच्या व्रणाला लावते ना मी. सहा महिने झाले. तू रोज विचारतोस, कसला वास येतो म्हणून."

दुपारभर दोघं गॅरेजमध्ये बसली. आर्लिस बोटाच्या टोकाने पुंगळीला मेण लावून द्यायची, वेंडेल दांडा ओढायचा. आता पुंगळ्या लोण्यात सुरी फिरावी तशा आतबाहेर होत होत्या. मेण पुसून झालं, नव्या टिकल्या बसल्या, आणि मग दारूची पाळी आली तशी गॅरेजमधली बडबड बंद झाली. रॉइसला बाहेर पाठवलं गेलं. आर्लिसने पुस्तक मांडीवर घेऊन आकडा मोठ्याने वाचायचा. वेंडेलने तोलायचं. मग तिने उठून स्वतः काटा बघायचा आणि आकडा पुन्हा म्हणायचा. मगच दारू पुंगळीत जायची. वीस काडतुसं, आणि आकडा चाळीसदा.

"एकोणिसाव्यालाही तेवढंच वाचायचं का रे?" आर्लिसने विचारलं. "मला पाठ झालंय."

"वाच."

तिने वाचलं.

*

रविवारी खाणीत सात गाड्या होत्या. लार्चच्या झाडांनी डोंगर पिवळा झाला होता. कुणीतरी थर्मास आणला होता, आणि पस्तिसाव्या नावाची बातमी थर्मासच्याही आधी पोचली होती. ड्वेन म्हणाला की वेंडेलच्या नावात अक्षरं फार आहेत, फळी वाढवावी लागेल. वेंडेलने सगळ्यांना थँक्यू म्हटलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

आर्लिस बंदूक घेऊन पुढे झाली. वेंडेल तिच्या आडवा आला.

"पहिली मी उडवतो."

"का?"

"नवीन आहेत म्हणून."

"वेंडेल, तू दारू वीसदा तोललीस. मी आकडा चाळीसदा वाचला."

"मग एकदा उडवू दे."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि बंदूक त्याच्या हातात दिली. रॉइस मागून ओरडला, "ए, नियम म्हणजे नियम! ताटलीवर मारलेली गोळी मोजली जाणार!"

वेंडेलने बंदूक गालाला टेकवली. आत दारू किती आहे हे त्याला दशांश चिन्हापर्यंत ठाऊक होतं. तरीही चाप ओढताना त्याने डोळे गच्च मिटले. ठाप असा आवाज झाला, नेहमीच्या अर्ध्याही दणक्याचा नाही. बंदूक शाबूत होती. गाल शाबूत होता. ताटलीही शाबूत होती. मागच्या खडीतून धूळ उडाली, ताटलीपासून चांगली हातभर डावीकडे.

"चुकली!" रॉइसने टोपी हवेत उडवली. "यंदाचा स्वयंपाकी मिळाला! तंबूत वेंडेल!"

वेंडेलने मान डोलावली. त्याचं ऐकण्याकडे लक्षच नव्हतं. तो बंदुकीचा मागचा भाग उघडून पुंगळी बघत होता, चिरली आहे का, फुगली आहे का. काही नव्हतं. त्याने बंदूक आर्लिसला दिली. "चालेल," तो म्हणाला.

आर्लिस बसली, कोपर गुडघ्यावर टेकवलं, खांदा एकदा फिरवून पाहिला. पहिली गोळी. वेंडेल तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, ताटलीकडे नाही. तिने दात आवळले नाहीत, डोळा मिटला नाही. दुसरी. तिसरी.

रॉइस ताटली काढून घेऊन आला. मधल्या नक्षीत तीन भोकं होती, दोन तर एकमेकांना चिकटून.

"कसा आहे खांदा, ताई?" त्याने विचारलं. या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

"कुणीतरी दार लोटल्यासारखं वाटलं," आर्लिस म्हणाली. "आणि दारावर थाप मारूनच लोटलं. बटाटे कोण सोलणार ते ठरलं ना?"

"ठरलं."

"मग चला. मला परवान्याचा कागद शोधायचाय."

बाकीचे गाड्यांकडे निघाले. आर्लिस खाली वाकली. खांदा जरा दुखला, पण ती वाकली. खडीत पडलेल्या तिन्ही पुंगळ्या तिने शोधून काढल्या, वेंडेलच्या हातातली चौथी घेतली, चारही जॅकिटाला पुसल्या आणि त्याच्या खिशात घातल्या.

"पुढच्या वर्षीच्या," ती म्हणाली.